दंशावर गरम चमचा : उष्णता नेमकी काय करते?

घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या इमारतीत एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे गांधीलमाश्यांनी पोळे केले आहे, हे आम्हाला कळले ते शेजारच्या सातवीतल्या मुलाच्या मनगटामुळे. वाळलेले कपडे काढायला तो गॅलरीत गेला, टॉवेलाच्या घडीत बसलेली माशी त्याच्या हाताखाली आली, आणि पुढच्या मिनिटभरात आमच्या मजल्यावर तीन प्रकारचे उपचार एकदम सुरू झाले. त्याच्या आईने फ्रीजरमधून बर्फाचा ट्रे काढला, समोरच्या काकू दंशावर घासायला लोखंडी किल्ली घेऊन आल्या, आणि आजींनी चहाच्या आधणात बुडवलेला स्टीलचा चमचा हातात धरून "हात पुढे कर रे, एक चटका बसला की उतरेल" असे फर्मावले. मुलगा माशीपेक्षा त्या चमच्यालाच अधिक घाबरला होता.

त्या संध्याकाळी बर्फ जिंकला, आणि त्यात काही चुकले नाही, कारण दंशाच्या सुजेवर थंड शेक देणे हाच प्रथमोपचारातला आजही पहिला सल्ला आहे. मात्र आजींचे म्हणणेही उडवून लावण्यासारखे नव्हते. जर्मनीत डास, माशी यांच्या दंशावर टेकवायचे पेनासारखे छोटे उपकरण औषधांच्या दुकानात मिळते. त्याचे टोक काही सेकंद तापते आणि खाज किंवा आग कमी होते, एवढेच त्याचे काम. फरक असा की त्या उपकरणाचे टोक साधारण ५१ अंश सेल्सियसला थांबते, आणि उकळत्या आधणातून काढलेला चमचा ९० अंशांच्या आसपास असतो. हा जो ४० अंशांचा फरक आहे, त्याच्या अलीकडे उपचार आहे आणि पलीकडे भाजणे.

आधी दंशाने काय होते ते पाहू. मधमाशी किंवा गांधीलमाशी आपल्याला डंख मारते तेव्हा ती विष टोचते, आणि डास चावतो तेव्हा तो रक्त गोठू नये म्हणून आपली लाळ त्वचेत सोडतो. दोन्हींना आपण सरसकट 'चावणे' म्हणत असलो तरी या दोन वेगळ्या घटना आहेत. मधमाशीच्या विषाच्या सुक्या वजनाचा जवळपास निम्मा भाग मेलिटिन नावाच्या एका छोट्या पदार्थाचा असतो, तो पेशींची आवरणे फोडतो आणि वेदना थेट जागी करतो. डासाच्या लाळेत असे काही जहाल नसते. तिथे जी खाज सुटते ती आपल्याच शरीराची प्रतिक्रिया असते: त्वचेतल्या मास्ट पेशी त्या परक्या लाळेला ओळखतात, हिस्टामिन सोडतात, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन आजूबाजूला पाणी झिरपते, गांधी उठते, आणि खाजेची खबर देणारे मज्जातंतू चेतवले जातात. आधी ठणका आणि मागाहून खाज हा गांधीलमाशीचा क्रम, आणि नुसती खाज हा डासाचा, यामागचे कारण हे असे आहे.

उष्णतेबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारे स्पष्टीकरण असे की गरम लावल्याने विष 'मरते'. विष हे प्रथिनांचे असते, प्रथिने उष्णतेने बिघडतात, अंड्याचा पांढरा भाग तव्यावर घट्ट होतो तसेच त्वचेखालच्या विषाचे होते, असा हा तर्क आहे. तो ऐकायला इतका सोपा आहे की मीही तो बरीच वर्षे खरा मानला. पण तो तीन ठिकाणी अडतो.

पहिली अडचण हिस्टामिनची. हिस्टामिन हे प्रथिन नाही, तो अगदी लहान रेणू आहे आणि उष्णतेने तो सहजी नष्ट होत नाही. याचा पुरावा आपल्या बाजारातच आहे. बर्फाविना बराच वेळ राहिलेल्या बांगड्यात किंवा ट्यूनात जिवाणू हिस्टामिन तयार करतात, आणि असा मासा घरी आणून कितीही उकळला, तळला किंवा तिखटात घातला तरी खाणाऱ्याचे तोंड लाल होते, अंगावर पित्त उठते आणि डोके धडधडते. कढईतल्या उकळत्या तेलाला जे जमत नाही, ते मनगटावरच्या चमच्याला जमेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. दुसरी अडचण मेलिटिनची. ते अवघ्या २६ अमिनो आम्लांचे बनलेले असते आणि उष्णतेला चांगलेच टिकते. तिसरी अडचण खोलीची. चार-पाच सेकंदांत उष्णता त्वचेत जेमतेम एखाद्या मिलिमीटरपर्यंत उतरते, विष तर त्याहून खाली गेलेले आणि पसरलेले असते. म्हणजे विष शिजवण्याइतकी उष्णता तिथवर पोचवायची असेल, तर त्याआधी वरची त्वचा शिजेल.

मग तरीही गरम लावल्यावर खाज का थांबते? कारण उष्णता विषाकडे जातच नाही, ती आपल्या मज्जातंतूंकडे जाते. खाजेची आणि आगीची जाणीव वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंची टोके त्वचेच्या अगदी वरच्या थरांत असतात, म्हणजे नेमकी तेथे, जेथवर चार-पाच सेकंदांची उष्णता पोचू शकते. या तंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचा एक ग्राहक, म्हणजे उष्णतेची खूण टिपणारा रेणू, असतो, ज्याला तापमान सुमारे ४३ अंशांच्या वर गेल्यावर जाग येते. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये तो शोधला तो मिरचीतल्या कॅप्सेसिनचा माग काढत, आणि या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत मिळाले. मिरचीला इंग्रज माणूस 'गरम' म्हणतो ते यामुळेच शब्दशः खरे ठरते: ठेचा जिभेला जे सांगतो आणि तापलेला तवा बोटाला जे सांगतो, ते दोन्ही निरोप एकाच दारातून आत जातात. आपण मराठीत दोघांनाही 'भाजले' म्हणतोच.

आता या ग्राहकाचा खाजेशी संबंध असा. हिस्टामिनने चेतवलेली खाज ज्या तंतूंतून जाते, त्यांपैकी पुष्कळ तंतूंवर हाच ग्राहक असतो. त्याला थोडक्या वेळासाठी जोराने चेतवले, की त्यानंतर तो काही काळ मंदावतो. शिवाय उष्णतेचा तो छोटासा चटका मणक्याच्या आत वेदनेचा निरोप म्हणून पोचतो, आणि तिथे वेदनेच्या निरोपापुढे खाजेचा निरोप मागे हटतो. खाजवल्यावर बरे वाटते ते याच कारणाने, कारण नखे ओढणे ही एक बारीक वेदनाच असते. चमच्याचा फायदा एवढाच की त्यात नखे नसतात, त्वचा सोलली जात नाही, आणि पावसाळ्यात सोललेल्या दंशाची जी चिघळलेली जखम होते ती टळते. लहान मुलांच्या पिंढऱ्यांवर जून ते सप्टेंबर दिसणाऱ्या खपल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही गोष्ट लहान वाटणार नाही.

या स्पष्टीकरणातून एक व्यवहाराची गोष्ट निघते, जी घरोघरी उलटी केली जाते. कोमट शेकाने खाज कमी होत नाही, बहुधा वाढते. ४३ अंशांच्या खालची ऊब त्या ग्राहकाला पुरेशी जागी करत नाही, पण रक्तवाहिन्या मात्र सैल करते, त्यामुळे लाली आणि सूज वाढते. कोमट पाण्याने अंघोळ करून आल्यावर डासांच्या सगळ्या गांधी एकदम खाजू लागतात, हा अनुभव ऐरोली किंवा कोपरखैरणे यांसारख्या खाडीकाठच्या वस्त्यांत राहणाऱ्यांना नवा नसावा. म्हणून अर्धा तास गरम पाण्याची पिशवी दंशावर धरून बसणे हा मधला मार्ग दोन्हीकडून तोट्याचा आहे: द्यायचे तर थंड द्यावे, नाहीतर पुरेसे गरम, अगदी थोड्या जागेवर आणि अगदी थोडा वेळ.

हे खरोखर कितपत चालते? बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यात मोबाइलला जोडायचे असे एक उष्णतेचे उपकरण लोकांनी आपापल्या घरी, खऱ्याखुऱ्या दंशांवर वापरले आणि खाज किती उरली ते नोंदवले. बारा हजारांहून अधिक दंशांच्या या नोंदींत, ज्यांत बहुतेक डासांचे होते, पहिल्या मिनिटातच खाज सरासरी ५७ टक्क्यांनी आणि पाच ते दहा मिनिटांत ८१ टक्क्यांनी उतरल्याचे दिसले. आकडे मोठे आहेत, तरी ते जपून वाचावेत. या अभ्यासात गरम न होणारे खोटे उपकरण दिलेला तुलनेचा गट नव्हता, आणि डासाची खाज तशीही आपोआप ओसरत असते. शिवाय उपकरण हाती धरलेल्या माणसाला बरे वाटण्याची घाईही असते. माझे मत असे झाले आहे की उपाय खरा आहे, पण ८१ हा आकडा त्याच्या जाहिरातीत जितका ठाम दिसेल तितका तो ठाम नाही.

आता भाजण्याचा हिशेब, कारण तो कळल्याशिवाय चमच्याला हात लावू नये. त्वचा भाजते की नाही हे केवळ तापमानावर ठरत नाही, तापमान आणि वेळ यांच्या जोडीवर ठरते. अमेरिकेतल्या मॉरिट्झ आणि हेन्रिकेस यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग यात आजही आधाराला घेतले जातात. त्यांना आढळले की ४४ अंशांवर त्वचेला कायमची इजा होण्यास सुमारे सहा तास लागतात, आणि तिथून ५१ अंशांपर्यंत प्रत्येक अंशागणिक हा वेळ साधारण निम्मा होत जातो. सहाचे तीन, तिनाचे दीड, असे करत ५१ अंशांना तो तीनेक मिनिटांवर येतो. त्यापुढे घसरण आणखी जोरात होते: ६० अंशांवर पाचेक सेकंद आणि ७० अंशांवर एखादा सेकंद पुरतो. उपकरणाचे ५१ अंश आणि तीन ते सहा सेकंद हे गणित इथून समजते, आणि आजींच्या आधणातल्या चमच्याने मुलाच्या मनगटावर फोड का आला असता हेही इथूनच समजते. तापलेली उलथनी, लायटरने गरम केलेले नाणे, अगरबत्तीचे टोक, किंवा इस्त्रीचा कोपरा या सगळ्यांचे तापमान कुणालाच माहीत नसते. 'डाग देणे' या जुन्या प्रकाराची हीच खोट आहे.

घरात तापमापी नसली तरी हिशेब करता येतो. ठाण्यात नळाचे पाणी बहुतेक महिने २७-२८ अंशांचे असते. एक वाटी उकळते पाणी आणि दोन वाट्या नळाचे पाणी एकत्र केले तर मिश्रण ५२ अंशांच्या आसपास येते, आणि भांडे त्यातली थोडी उष्णता खाते म्हणून प्रत्यक्षात दोनेक अंश कमीच. स्वयंपाकघरातल्या तापमापीने मी हे चार वेळा करून पाहिले. पातेले स्टीलचे होते आणि काटा दर वेळी ४९ ते ५१ च्या मध्ये थांबला. त्या पाण्यात स्टीलचा चमचा मिनिटभर ठेवावा, काढून पुसावा, आधी आपल्या स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहावा, आणि सहन होत असेल तरच तो दंशावर तीन-चार सेकंद ठेवून उचलावा. पातळ चमचा हवेत झपाट्याने निवतो, त्यामुळे स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत नेईस्तोवर त्यात काही उरत नाही; दंश झालेल्या माणसालाच ओट्याशी बोलवावे. चटका जाणवला पाहिजे, पण हात मागे ओढावासा वाटता कामा नये. आजींना हे प्रमाण सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "वाटी कुठली घ्यायची, आमटीची की मापाची?" कुठलीही चालते, फक्त तिन्ही वेळा तीच असावी.

मधमाशीच्या बाबतीत मात्र चमचा शोधण्याआधी एक काम असते. मधमाशीची नांगी काटेरी असल्याने ती त्वचेत अडकून तुटते, तिच्याबरोबर विषाची पिशवीही राहते, आणि माशी उडून गेल्यावरही ती पिशवी विष आत ढकलत राहते. बहुतेक विष पहिल्या वीसेक सेकंदांतच आत जाते. नांगी चिमटीत धरून काढावी की कार्डाने खरवडावी, या वादात तेवढे सेकंद निघून जातात. नखाने, बोटाने, जशी निघेल तशी ती लगेच काढावी. गांधीलमाशी नांगी मागे ठेवत नाही, ती पुन्हा पुन्हा डंख करू शकते, म्हणून तिच्या बाबतीत पहिले काम गॅलरीचे दार लावून घेणे हे असते. येऊरच्या बाजूच्या उंच इमारतींच्या छज्ज्यांखाली जी मोठी काळपट पोळी लटकतात, ती आग्या मोहोळाची असतात, आणि तिथे प्रश्न एका डंखाचा नसतो. पन्नासाहून अधिक डंख बसलेल्या माणसाला, तो कितीही धडधाकट दिसला तरी, रुग्णालयात न्यावे, कारण एवढे विष काही तासांनी स्नायूंवर आणि मूत्रपिंडांवर उतरते.

या सगळ्याहून वेगळा, आणि उष्णतेच्या बाजूने सर्वांत पक्का, असा एक दंश आहे तो किड्याचा नाहीच, माशाचा आहे. पाकटाच्या शेपटीवरचा काटा किंवा शिंगाळ्याच्या परावरचा काटा लागला की जो ठणका उठतो तो कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत चढतो. तिथे सहन होईल इतक्या, म्हणजे ४५ अंशांच्या आतल्या गरम पाण्यात जखमी हात किंवा पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवणे हा सागरी दंशांवरचा जगभर मान्य असलेला प्रथमोपचार आहे. माशांचे विष मधमाशीच्या विषाहून उष्णतेला बरेच नाजूक असते, आणि बुडवलेल्या अवयवात उष्णता सेकंदभर नव्हे तर तासभर उतरत राहते. म्हणजे 'विष मरते' हा तर्क कुठे थोडाफार लागू असेल तर तो इथे. आमच्या मासेवाल्या मावशी चेंदणी कोळीवाड्यातून येतात. एकदा शिंगाळा साफ करताना अंगठ्याच्या पेरात काटा घुसला, तेव्हा त्यांनी टोपली तशीच ठेवून आमच्याकडे गरम पाण्याची बादली मागितली आणि तासभर जिन्यात हात बुडवून बसल्या. दर दहा मिनिटांनी त्या दुसऱ्या हाताने पाणी चाचपून पाहत होत्या. हे चाचपणे महत्त्वाचे आहे, कारण ठणकणाऱ्या हाताला पाणी किती गरम आहे याचा अंदाज राहत नाही. एक वाटी उकळत्याला तीन वाट्या नळाचे पाणी, हे प्रमाण इथे लागू पडते. गिरगाव चौपाटीवर २०१३ च्या गणेशोत्सवात दीड दिवसाच्या विसर्जनाला अनेक भाविकांच्या पायांना पाकटांचे काटे लागले होते. विसर्जनाला खाडीत किंवा समुद्रात उतरणाऱ्या मंडळांनी बर्फाबरोबर गरम पाण्याचा एक थर्मासही ठेवायला हरकत नाही. काटा खोल गेला असेल तर तो आत तुटून राहतो, म्हणून पाण्याने आराम पडला तरी डॉक्टरांना दाखवावे आणि धनुर्वाताची लस घ्यावी.

चमचा कुणाला लावू नये, हेही सांगायला हवे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे त्यांना चटका कळतच नाही, त्यांना उष्णता नको. तान्ह्या मुलांना, अतिशय पातळ त्वचेच्या वृद्धांना, डोळ्यांभोवती, ओठांवर आणि फुटलेल्या त्वचेवरही नको. पावसाळ्यात ट्यूबलाइटकडे येणारा केशरी-काळा बारीक किडा, ज्याला कुणी ॲसिडचा किडा म्हणतात, तो चावत नाही. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्यातला रस त्वचेला लागतो आणि एखाद्या दिवसाने पट्ट्यासारखे फोड येतात. ते मुळात भाजल्यासारखेच असतात, त्यांवर आणखी उष्णता देऊ नये, साबणाने धुवावे. आणि डासाच्या दंशावर चमचा टेकवल्याने डेंग्यू किंवा मलेरिया टळत नाही, कारण उष्णतेने फक्त खाजेचा निरोप थांबतो, जे जंतू आत जायचे ते गेलेले असतात. ताप आला तर रक्त तपासावे.

विंचू आणि साप यांच्या बाबतीत उष्णता, चिरा, चटके, पट्टे यांतले काहीही करू नये. कोकणातल्या लाल विंचवाचे विष हृदयावर जाते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून या दंशाचे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी केले, आणि ते औषध वेळेवर पोटात जाणे हा तिथला मुख्य उपचार आहे. घाम फुटणे, हातपाय थंड पडणे, उलट्या होणे ही लक्षणे दिसण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

एक गोष्ट अशी आहे की जिच्यापुढे बर्फ आणि चमचा दोन्ही निरुपयोगी ठरतात. एखाद्याला माशीच्या विषाची तीव्र ॲलर्जी असेल तर एकाच डंखाने, बहुधा पहिल्या अर्ध्या तासात, डंखापासून दूरच्या जागी गांधी उठतात, ओठ किंवा पापण्या सुजतात, आवाज घोगरा होतो, श्वासाला शिट्टी येते, चक्कर येते. अशा वेळी माणसाला उभे न ठेवता आडवे करून पाय थोडे उंच ठेवावेत, धाप लागत असेल तर टेकून बसू द्यावे, आणि १०८ ला फोन करावा. मांडीच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच त्यावरचा इलाज आहे. त्या संध्याकाळी आजींनी चमचा परत आधणात ठेवला, चहा गाळला, पण स्वतःचा कप हातात तसाच धरून त्या अर्धा तास नातवासमोर खुर्ची ओढून बसल्या. तो मोबाइलवर खेळत होता, आणि त्या त्याच्या ओठांकडे पाहत होत्या.